खालच्याचं आधी

थोरली एकदा नाही म्हणाली की प्रत्यक्ष सासऱ्यालाही तिच्याकडून हो वदवून घेता आलं नव्हतं, तिथे बाजाराच्या कमिटीची काय कथा! वादळानं धक्क्यावरच्या जुन्या बाजाराचं छप्पर मधोमध उसकटलं, कौलं उडाली, आणि कमिटीनं ठरवून टाकलं की कौलांचे लाड आता पुरे, सगळ्या बाजारावर पत्रा घालायचा. ठेकेदार येऊन मापंसुद्धा घेऊन गेला. घालायचा तर सगळ्यावर, अर्धवट कामाला मला वेळ नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा भर सभेत थोरली उठली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "या छपरावरची कौलं माझ्या मामंजींनी आणि त्यांच्या बापजाद्यांनी केलीत. उडाली तेवढी मी करून देते. पत्रा आणलात तर तो आधी माझ्या डोक्यावर घाला."

बाई नुसतं बोलत नव्हती. बाजारातला तिचा गाळाच मडक्यांचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला चाकाची दिशासुद्धा ठाऊक नव्हती. पण मामंजींचे दोन्ही मुलगे बोटीवर निघून गेले आणि त्यांच्या शेजारी चाकाशी बसायला उरली ती ही सून. म्हातारा शिकवताना रागवायचा, आणि ही रागावून शिकायची. असं करत करत ती मामंजींपेक्षा हट्टी आणि जवळजवळ त्यांच्याइतकी चांगली झाली. जवळजवळ हे तिचंच म्हणणं.

बाजार म्हणजे एक लांबलचक दगडी दालन. एक दार रस्त्याकडे, दुसरं थेट पाण्याकडे, आणि मधली फरशी पाण्याकडे उतरत गेलेली. पूर्वी होड्यांतला माल ओढत आणायचा तर उतार हवाच. दोन्ही बाजूंनी गाळे. खाली पाण्याजवळ सुकी मासळी, मग टोपल्या, कंगवे, मध, असं करत वर वर यायचं. लांबून येणारे पाहुणे खांबांचे फोटो काढतात, एखादा कंगवा घेतात, पाव खातात आणि जाताना "किती छान गार आहे हो इथे" म्हणतात. गार असणारच, वर कौलं आहेत ना! हे थोरलीनं सभेत सांगितलंही, पण ऐकतो कोण?

थोरलीच्या गाळ्याच्या खालचा गाळा तिच्या धाकट्या जावेचा, पाव-बिस्किटांचा. वरचा गाळा दोर वळणाऱ्याचा. त्याला सगळे गाठोबा म्हणत, कारण बोलताना तो एकेक वाक्याची अशी गाठ मारायचा की सोडवता सोडवता ऐकणाऱ्याचा जीव जायचा.

सभेत हात वर झाले तेव्हा कौलांकडे जितके, तितकेच पत्र्याकडे. गाठोबाचा हात पत्र्याला. त्याचं थोरलीला काही वाटलं नाही, गाठोबाला फुकट सल्ला आणि झटपट काम दोन्ही आवडायचं. पण धाकटीचाही हात पत्र्याला! घरच्याच माणसानं असं केलं तर काय म्हणायचं? जावा जावा आणि उभा दावा, असं लोक म्हणतात, पण या दोघींचं तसं कधी नव्हतं. धाकटी नवी नवरी असताना पावाची भट्टी लावायच्या आधी दोन वर्षं थोरलीचीच माती तुडवायची, कौलं-मडकी उचलायची, आणि दोघी मिळून मामंजींची नक्कल करून पोट धरून हसायच्या.

"अगं, तुला झालं काय?" थोरलीनं तिथेच विचारलं.

"जाऊबाई, माझ्या पिठावर गळतं. वादळाआधीही गळत होतं. थेंबे थेंबे तळं साचतं माझ्या परातीत. पत्रा लगेच होतो."

यावर गप्प बसावं की नाही? पण थोरलीच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "पिठाला काय होतंय? चाळून घ्यायचं."

सभा हसली. धाकटी हसली नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मतं समसमान पडली म्हणून बाजाराचे कारभारी म्हणाले, "परांची उभी राहील त्या दिवसापर्यंत वेळ देतो. तोवर भाजलेली कौलं धक्क्यावर रचलेली दिसली तर कौलं, नाहीतर पत्रा." थोरली म्हणाली, "दिसतील," आणि तडक चाकावर जाऊन बसली.

कौल करणं दिसतं तितकं सोपं नाही. चाकावर मातीचं एक लांब नळकांडं ओढायचं, एका टोकाला जरा निमुळतं. मग दोऱ्यानं उभं चिरून त्याचे दोन भाग करायचे. झाली दोन कौलं. आतल्या बाजूला निमुळत्या टोकाशी, मामंजी होते तोवर, ते अंगठ्याचा ठसा उमटवत. बाजारात कुठेही उभं राहून वर पाहिलं की वाशांच्या मधून ते अंगठे दिसत, रांगेनं. थोरलीनं कधी आपला अंगठा उमटवला नव्हता. "माझा अजून तेवढा झाला नाही," असं ती म्हणायची. कच्चं कौल सावलीत वाळवायचं, घाई केली तर भट्टीत फुटतं. आणि उचलायचं ते खालून, दोन्ही तळव्यांवर, झोपलेलं तान्हं उचलतात तसं. काठाला धरलं की गेलं.

थोरलीनं कंबर कसली. सकाळी गिऱ्हाइकं, दुपारी कौलं, संध्याकाळी कौलं. खांद्याला गोळे आले, मनगट सुजलं, त्यावर फडकं बांधून ती पुन्हा बसली. तयार झालेली पहिली खेप तिनं माळ्यावर चढवली. माळा भरला तसा गाळ्याची सगळी फरशी कौलांनी भरली, चालायला पाऊल ठेवण्याइतकीच जागा. गिऱ्हाईक आलं की दारातूनच सौदा. गाठोबा वरून म्हणायचा, "मी आपलं म्हणतो की, तसं म्हणायला माझं काही नाही, पण पत्र्याला वाळवावं लागत नाही."

"तुमची जीभ मात्र वाळवायला टाकली पाहिजे," थोरली म्हणायची, हात न थांबवता.

खालून धाकटीच्या पावांचा वास येई. पूर्वी पहिला गरम पाव वर यायचा. आता येत नव्हता. थोरलीला तो आठवायचा, आणि आठवला म्हणून स्वतःचाच राग यायचा.

सगळी कौलं ओढून झाली. आता ती वाळायची आणि मागच्या अंगणातल्या भट्टीत जायची, एवढंच राहिलं. आणि नेमकी अवसेची भरती आली, तीही उलट्या वाऱ्याबरोबर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच! दुपारची वेळ, बाजारात पाहुण्यांची गर्दी, आणि खालच्या दाराशी पाण्याची घंटा घणघणली.

या घंटेचा एक नियम होता. बाजार जितका जुना तितका तोही जुना. घंटा झाली की आपल्या मालाला हात लावायचा नाही. आधी आपल्या खालच्या गाळ्यात उतरायचं, त्याचा माल उचलायला लागायचं. तो सगळा माळ्यावर चढला की मगच आपल्याकडे वळायचं. तोवर आपल्या मालाची काळजी आपल्या वरच्यानं घ्यायची. खालच्याचं आधी. पाणी खालूनच येतं, आणि प्रत्येकानं आपापलं बघितलं तर खालचा बुडतोच, हे कुणा शहाण्यानं फार पूर्वी ओळखलं होतं. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण तो मोडणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी सुतळीचा तोडासुद्धा विकला नसता.

थोरली उठली. फरशीवरच्या कौलांकडे तिनं एकदा पाहिलं. एरवी पाणी तिच्या गाळ्यापर्यंत येत नसे, पण आजचा वारा काही वेगळाच होता.  ही कच्ची माती. पाणी लागलं की दोन घटकांत पुन्हा चिखल होणार, आणि चिखल झाला की पत्रा येणार. आणि उचलायला कोण येणार? गाठोबा, ज्यानं पत्र्याला हात वर केला तो!

पण ती धाकटीच्या गाळ्यात उतरली. प्रेमानं उतरली म्हणाल तर तसं काही नाही, हट्टानं उतरली. उद्या कुणी म्हणायला नको की थोरलीनं आपलं आधी पाहिलं.

मधवाल्याच्या चार बरण्या केव्हाच माळ्यावर चढवून धाकटी परतली होती, पिठाच्या गोणीशी वाकलेली. तिनं मान वर केली, जावेला पाहिलं, आणि गोणीचं दुसरं टोक दाखवलं. दोघींनी गोणी उचलली, माळ्यावर ढकलली. मग दुसरी. मग साखरेची पोती. जुनी सवय ती, एकीचा श्वास दुसरीला कळत होता. फक्त तोंडं बंद होती. पाणी मधवाल्याच्या गाळ्यातून वर सरकलं आणि दोघींच्या घोट्यांना लागलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. कटकन.

थोरलीनं वर पाहिलं. गाठोबा तिच्या गाळ्यात उभा होता, नियमाप्रमाणे आला होता बिचारा, आणि कौल काठाला धरून उचलत होता. हातात निम्मं, खाली निम्मं.

"काठाला धरू नका!" थोरली ओरडली. "खालून! खालून हात घाला!"

"खालूनच घालतोय," गाठोबा ओरडला आणि दुसरं मोडलं. मग त्यानं शहाणपणा केला, चार कौलं एकावर एक रचून उचलली. चारही गेली.

थोरलीच्या खांद्यावर गोणीचं टोक होतं. तिचे पाय आपसूक वरच्या बाजूला वळले, आणि तिथेच थांबले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, रागाचं की दुःखाचं कोण जाणे.

"जा ना," धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांनी बोललेला हा पहिला शब्द.

"खालच्याचं आधी," थोरली म्हणाली. "उचल. तुझ्या गोण्या राहिल्यात."

"अहो, तुमची कौलं मोडतोय तो!"

"दिसतंय मला. उचल म्हणते ना!"

वरून आणखी एकदा कटकन आवाज आला. धाकटीनं गोणीचं आपलं टोक माळ्यावर ढकललं आणि हात झटकले. "झालं माझं."

"झालं कुठे? त्या काय खाली दिसत नाहीत मला?"

"पीठ माझं आहे ना? मग ते चढलं की नाही हे मी ठरवणार. झालं!" असं म्हणून तिनं पाव मांडायच्या लांब फळ्या भिंतीवरून ओढल्या, काखेत मारल्या आणि धावत वर गेली.

थोरली तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. मग तिनं काय करावं? दुसरी कुणी असती तर मागोमाग धावली असती. थोरली वाकली आणि उरलेल्या गोण्या एकटीनं ओढायला लागली. धाकटीनं काय ठरवायचं ते ठरवावं. पीठ खाली होतं आणि नियम नियम होता. सुजलेल्या मनगटातून कळ थेट डोक्यात गेली. एक गोणी तिनं कशीबशी भट्टीच्या ओट्यावर चढवली. दुसरी निम्म्यावर असताना पाणी आलं आणि गोणी जड झाली, मग खूप जड, मग हातातून सुटली.

आणि वर धाकटी थोरलीच्या गाळ्यात गुडघ्यांवर बसून कौलं उचलत होती. खालून, दोन्ही तळव्यांवर. दोन वर्षं मडकी उचललेले हात ते, विसरतात थोडेच? पिठानं आणि पाण्यानं बोटं ओली झालेली, पण घट्ट. फळीवर कौलं मांडायची, फळी गाठोबाच्या हातात द्यायची. "हं, ही धरा. वाकवू नका. पाळण्यासारखी न्या. तुमच्या माळ्यावर ठेवा. आणि एक शब्द बोलू नका."

गाठोबा एक शब्द बोलला नाही. बाजारानं ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस नवल म्हणून सांगितली.

पाणी थोरलीच्या गाळ्यात शिरलं तेव्हा फरशीवर अजून पुष्कळ कौलं होती. मागच्या रांगा हळूहळू बसत गेल्या, मऊ झाल्या, आणि चिखल झाल्या. मग वारा पडला आणि पाणी जसं आलं तसं मुकाट्यानं उतरलं.

दोघी जावा धाकटीच्या भट्टीच्या ओट्यावर बसल्या. एकीच्या अंगावर माती, दुसरीच्या अंगावर पीठ, आणि ते पार अदलाबदल झालेलं.

"किती राहिली?" थोरलीनं विचारलं.

"निम्मी असतील. तुमच्या माळ्यावरची धरून."

थोरलीनं मान खाली घातली आणि रडली. लपवलं वगैरे काही नाही, चांगली हुंदके देऊन रडली.  मग धाकटी खालच्या फरशीवरच्या पांढऱ्या राड्याकडे बोट करून म्हणाली, "तिकडे बघा, माझ्या पिठाची खळ झालीय. बाजारभर जाहिराती चिकटवू."

"चाळून घे," थोरली रडता रडता म्हणाली, आणि मग दोघी हसायला लागल्या, मामंजींची नक्कल करताना हसत तशा.

"ते चाळायचं बोलले ते चुकलंच माझं," थोरली म्हणाली. "तुझ्यावर गळतं, ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच. आणि पाव वर पाठवणं बंद केलं ते माझं चुकलं. पण तुम्हीही एकदा मागितला असतात तर!"

"मी? मागणार?"

"हो, तेही खरंच."

गाठोबा दाराशी घुटमळत उभा होता. "मी दोर वळणारा माणूस," तो म्हणाला, "दोर कुठूनही धरला तरी दोरच राहतो. मला वाटलं, कौल म्हणजे कौल." एवढं सरळ वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

वाचलेली कौलं वाळली, भाजली, लालभडक होऊन धक्क्यावर रचली गेली. आणि परांचीचे बांबूही येऊन पडले. कारभाऱ्यांनी पुन्हा सभा बोलावली. ढीग पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचे कष्ट दिसतात. पण शब्द सगळ्या कौलांचा होता. ही निम्मीच आहेत. आता मी काय करू?"

"सांगते," थोरली उठली. "आहेत ती धाकटीच्या गाळ्यावर आणि तिच्या खालच्यांवर घाला. माझ्या आणि गाठोबाच्या गाळ्यावर सध्या ताडपत्री बांधा. बाकीची मी पुन्हा करते."

"पुन्हा? सगळी?"

"माती कुठे गेलीय? फरशीवरून गोळा केली मी."

"पण तुमच्या डोक्यावर गळेल ना तोवर! पावसाळा दारात आहे."

"गळू दे. मातीला पाणी लागतंच. पिठाला चालत नाही," थोरली म्हणाली आणि जावेकडे न बघता खाली बसली. "खालच्याचं आधी. नियम माझ्यासाठी बदलला काय?"

कुणी हसलं नाही. कारभाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग हात वर करा पुन्हा. कौलांना कोण?"

पूर्वीचे सगळे हात वर गेले. मग धाकटीचा गेला. त्या एकानंच काम झालं असतं, पण पाठोपाठ गाठोबाचाही गेला. "आता मी पत्र्याला हात वर केला तर लोक म्हणतील मुद्दामच मोडली," तो म्हणाला, "आणि ताडपत्रीला दोर माझा." ठेकेदाराला निरोप गेला की पत्रा दुसरीकडे बघा.

कौलं चढवणारा म्हातारा परांचीवर बसून एकेक कौल हातात घेऊन तपासायचा. मध्येच त्यानं हाक मारली, "ओ बाई, ही काही कौलं खराब आहेत. आतून बोटं उमटलीत, चांगली पाचही. काढून ठेवू?"

थोरलीनं खालून एक कौल मागून घेतलं. आतल्या बाजूला, जिथे मामंजी अंगठा उमटवत तिथेच, कच्च्या मातीत रुतलेली पाच बोटं होती, आता कायमची भाजली गेलेली. घट्ट धरलेली, पण मोडू न देता. तिनं त्या खुणांवरून स्वतःची बोटं फिरवली.

"ही आधी लावा," ती म्हणाली. "पाववालीच्या बरोबर डोक्यावर."

पाऊस आला तेव्हा धाकटीच्या गाळ्यात टिपूसही पडला नाही. परात कोरडी, पीठ कोरडं. वरच्या गाळ्यात मात्र ताडपत्रीच्या कोपऱ्यातून धार लागलेली, आणि ती धार थोरलीनं मातीच्या घमेल्यात धरलेली, फुकटचं पाणी म्हणून. चाक फिरतच होतं.

धाकटी गरम पाव घेऊन निघाली आणि निघता निघता तिची नजर सहज वर गेली. वाशांच्या मधे मामंजींचे अंगठे रांगेनं होते, आणि मग एकदम तिचा हात. पुन्हा एकदा तिचा हात. पुन्हा.

ती तशीच पाव हातात धरून वर आली. "जाऊबाई, ते काय लावलंय छपराला? किती वाकडी दिसतायत माझी बोटं!"

"दिसू देत," थोरली चाकावरून नजर न काढता म्हणाली. "बाजार आहे तोवर आता तिथेच राहतील ती."

 धाकटीनं पाव जावेच्या मांडीवर ठेवला, हात पुसले, दोरा उचलला आणि चाकाशेजारी बसून पहिलं नळकांडं उभं चिरायला घेतलं.